नदी नसलेलं बेट आणि आमचा हौद

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी एक छोटंसं ग्रीक बेट निवडलं, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. उशाला गोदावरी असताना ही पोरगी कुठं चालली, असं त्यांचं म्हणणं. बेट मी आजही पाहिलेलं नाही, पण त्याचा नकाशा मला पाठ आहे. चारी बाजूंनी समुद्र, आणि प्यायला ना नदी ना ओढा. समुद्री चाच्यांच्या भीतीनं गाव किनाऱ्यापासून लांब, डोंगरावर वसलेलं. आधी व्हेनिसवाले आले, मग तुर्क आले. दोघांनी कर नेला, पाणी कुणी दिलं नाही. मग लोकांनी आपलं आपण बघितलं. सपाट धाब्यांना चुना लावला, त्यावरचा पाऊस थेट घराखालच्या हौदात उतरवला आणि त्यावर उन्हाळे काढले.

लग्नानंतर आम्ही शहराच्या कडेला, बजाजनगरच्या पलीकडं प्लॉट घेतला. दुष्काळाची वर्षं होती, तरी शहर काही थांबत नव्हतं. काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटिंगच्या पाट्या. घर बांधायला काढलं तेव्हा मी म्हटलं, खाली हौद घेऊ.

गंगापूरहून आलेले सासरे हसले. "सूनबाई, पाऊसच नाय, हौदात काय भरता? बोर मारा, बोर."

त्यांनी पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो प्लॉटभर फिरला. एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथंच, आणि सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. बोअरची गाडी आली, दिवसभर नुसता फुफाटा उडाला. पाण्याचा पत्ता नाही. सासरे म्हणाले, "नारळच जुना निघाला."

मग मी हट्टालाच पेटले. हौद झाला, धाब्यावरचा पाइप त्यात सोडला. पहिल्या वर्षी जेमतेम तळ भिजला. गल्लीत टँकर आला की नवरा म्हणायचा, निदान हे पाणी तरी सोड त्यात. मी सोडू दिलं नाही. टँकरचं पाणी ड्रममध्ये, हौद पावसाचा. एकदा टँकरची सवय लागली की धाब्याकडं कोण बघतं? लोक मला वेडी म्हणत होते, म्हणू देत.

पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला. हौद काठोकाठ भरला आणि फेब्रुवारीत संपलाही. नवऱ्यानं नेमकं तेवढंच धरलं. त्याला पुण्याला बदली मिळत होती.

"घर विकून टाकू," तो म्हणाला. "तुझ्या त्या बेटावर तरी कुठं राहिली माणसं?"

खोटं नव्हतं ते. बेटावरचे कितीतरी लोक अथेन्सला, अमेरिकेला निघून गेले. उन्हाळ्यात तिथं जहाजानं पाणी येतं. हे सगळं मीच त्याला कौतुकानं सांगितलेलं. पण जे राहिले, दरवर्षी पावसाआधी धाबं धूत राहिले, त्यांच्याबद्दलही सांगितलं होतं. ते तो सोयीनं विसरला, याचा मला भयंकर राग आला.

घर बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी दारातच उभी राहिले. "घर विकायचं नाही," म्हटलं. "आणि ते माझ्याही नावावर आहे." नवरा मागं उभा होता. त्यानंच गिऱ्हाईकाला फाटकापर्यंत पोचवलं.

तो पुण्याला गेला, मी राहिले. शनिवारी एसटीनं येतो. रविवारी निघताना हौदातल्या पाण्याचा कॅन भरून मागतो. तिकडच्या सोसायटीच्या पाण्यात म्हणे डाळ शिजत नाही. मी भरून देते. तिकडं राहायला कधी येतेस, हे विचारायचं त्यानं आता सोडलंय.