नामपूरकडे वळणारी सुई

नाशिकजवळच्या आमच्या धावपट्टीवर विमानांतली यंत्रं जोडणाऱ्या एक ताई होत्या. मी वैमानिक, माझा हातात मावणारा जीपीएस ताईच विमानातल्या दिशादर्शकाला जोडून द्यायच्या. जोडणी तपासायला एखादं ठिकाण टाकावं लागतं. त्या दर वेळी नामपूरच टाकायच्या. सुई वळून उत्तरेला थांबली की, एरवी शहरी बोलणाऱ्या ताई हळूच अहिराणीत “बरोबर शे” म्हणायच्या आणि सुईकडे बघत राहायच्या.

“तिकडे कोण असतं?” मी एकदा विचारलं.

“आई. माझ्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून घरात घेत नाही.”

पुढच्या चाचणीला मी त्यांना शेजारी बसवून नेलं. नामपूरवर आल्यावर कांदा साठवायच्या चाळींपलीकडे त्यांना घर सापडलं. मी घिरटी घातली. अंगणात कुणीतरी मान वर करून उभं होतं. ताईंनी काचेला कपाळ टेकवलं.

“इथे उतरता नाही येणार ना?”

“विमानाला नाही,” मी म्हणालो.

परत येऊन उतरल्यावर ताई म्हणाल्या, “उद्या मी सुट्टीवर आहे. एस्टीनं जाते. दार नाही उघडलं, तर अंगणात बसेन.”