पडवळावानी देश

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उखळात शेंगा चटणी कुटणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या मुलाचा देश मात्र मला पाठ आहे. मुलगा पश्चिम आफ्रिकेत, गांबियात, बोअरचे पंप बसवायचा. चटणी तोलता तोलता मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो देश सांगायच्या. पाव किलो चटणीवर भूगोल फुकट.

"लई बारका हाय. पडवळावानी लांब, मधनं नदी. तीन अंगाला दुसरंच राज्य, चौथ्या अंगाला समिंदर. पर शेंगा आपल्यावानीच! शेंगांचं कालवण भातावर घेत्यात."

उन्हाळ्यात तो तापानं तिकडंच गेला. शव आणणं जमलं नाही, तिथंच माती दिली. मला वाटलं, आता मावशी त्या देशाचं नावही काढणार नाहीत. पण दिवसकार्य उरकलं, मुसळ सुरू झालं आणि त्याच ठेक्यात देशही. ऐकताना मला चटणी नकोशी व्हायची, तरी मी जातच राहिलो.

काल देश सांगता सांगता समुद्रापर्यंत येऊन त्या थांबल्या.

"दहाव्याला हितं पिंडाला कावळा शिवला न्हाय, दादा. शिवंल कसा? पोरगं तितं. तितं कावळं असत्यात का हो? त्यानं कधी सांगितलंच न्हाय."

मला ठाऊक नव्हतं. तरी म्हणालो, "असतात की, मावशी."

"व्हय?" त्यांचा चेहरा जरा निवळला. पुडी त्यांनी माझ्या हातात दिली, पण स्वतःचा हात काढला नाही.

"पर त्याच्या नावानं तितं घास कोन ठिवंल?"