चष्म्यातला व्यायाम

माझं जिमला जाणं बंद झालं ते भांडणाने नाही, कौतुकाने. वाढदिवसाला नवऱ्याने डोळ्यांवर चढवायचा, व्यायामाच्या खेळांचा चष्मा आणला. "आता कशाला बाहेर जातेस? त्या कंटेनरच्या ट्रेलरच्या गर्दीतून? घरातच कर." भेट इतकी महागाची, की मला तोंड उघडायची सोय राहिली नाही. त्या गर्दीत आमचेही ट्रेलर होते, ते वेगळं.

न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानावरच्या माडीत ते जिम होतं. शिकवणारी माझ्याहून लहान, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. "ताई, गुडघा आत पडतोय. ताई, लक्ष कुठंय?" पाठीला दोन बोटं टेकवून ती मला सरळ उभी करायची. रात्री माझा डोळा लागला नसला, तर वजन उचलण्यावरूनच तिला कळायचं. अख्ख्या दिवसात माझ्याकडे नीट बघणारी ती एकटीच. शिवाय जाता-येता खाडीचा वारा लागायचा.

चष्म्यातही समुद्र आहे. निळाशार, सुकटीच्या वासाशिवायचा. अंगावर गोळे येतात, ते ठोसे मारून फोडायचे. हात अर्धवट उचलला तरी आतली बाई इंग्रजीत शाबासकी देते. घाम येतो, खोटं का बोलू? पण माझ्या गुडघ्याचं तिला काय पडलंय! सुरुवातीला पायाभोवती एक गोल आखून घ्यावा लागतो. त्याबाहेर पाऊल पडलं की समुद्र विरतो आणि समोर आमचं कपाट दिसतं. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं. त्या गोलात हातपाय झाडताना जीव गुदमरायचा माझा, आणि संतापही यायचा. सासूबाई मात्र खूश होत्या. आत मी नेमकं काय करते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण सून घरात होती.

एकदा त्यांची बहीण राहायला आली. दुपारी मी खेळत होते. अंबाडा सुटलेला, तोंडाने हुं हुं चाललेलं, हात वाऱ्यावर. फेरी संपली, कानातलं संगीत थांबलं आणि कापराचा वास आला. आधी वाटलं, आता खेळात वासही यायला लागले की काय! तेवढ्यात पावलांवर गार पाणी पडलं, मग कुणाची तरी बोटं हळद-कुंकू लावू लागली. तेव्हा कळलं. दोघींना वाटत होतं, माझ्या अंगात देवी आलीय.

"आई, काय चुकलं आमचं?" मावससासूचा आवाज कापत होता. "तुला काय पायजे ते सांग. आमी देऊ."

लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. चष्मा काढायचंही सुचलं नाही.

"मला बाहेर जायचंय," मी म्हटलं. "रोज. त्या माडीवर, व्यायामाला."

मग सासूबाईंनी माझा आवाज ओळखला.

"देवी न्हाय गो ही," त्या बहिणीला म्हणाल्या. "आपली सूनच हाय."

मी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी कापूर विझवला, ताम्हण उचललं आणि जाताना दार ओढून घेतलं.