गोदाबाईनं धाडलंय

चंद्राबाई कासारीण कुणाच्या दारात आली की बांगड्यांचं गाठोडं आधी खाली ठेवायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगायची, “गोदाबाईनं धाडलंय मला. तिचे हात पाहून या, मंग माझ्यासमोर बसा.” आता सांगा, धंद्याला निघालेली बाई समोरच्या गिऱ्हाइकाला आधी दुसऱ्याच्या घरी पाठवते का कधी? पण बाया खरंच जायच्या. त्या आमच्याच घरी यायच्या, कारण गोदाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणायचो. बाया अक्काचे हात उलटेपालटे करून बघायच्या आणि परत जाऊन चंद्राबाईपुढे आपला हात धरायच्या.

मी लग्न होऊन सेनगावाजवळच्या त्या खेड्यात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. चंद्राबाईही तिथं नवीच. नवरा दम्याचा, घरात बसून. ती त्याला घेऊन नांदेडाकडून पोट भरायला आलेली. आमच्या भागात प्रत्येक घराचा कासार ठरलेला असायचा. बापाच्या मागे लेक तीच घरं चालवायचा. मग परक्या कासारणीपुढे हात कोण धरणार? ती वेशीपाशी दिवसभर बसायची आणि होतं तसं गाठोडं उचलून परत जायची. अक्कानं तिला घरात बोलावलं. का बोलावलं, तर म्हणाली, “उन्हात बसून राहिली ती बाई. पाणी पाजावं म्हटलं.”

पाणी पिऊन झाल्यावर चंद्राबाईनं अक्काचा हात हातात घेतला. अक्काचे हात रुंद, हाडाचे. बांगडी चढवताना दर वेळी कातडं सोलायचं, त्यामुळे सण आला की ती बांगड्या भरणं पुढे ढकलत राहायची. चंद्राबाईनं पाची बोटं जवळ घेतली, अंगठ्याखालचं हाड हळूच आत दाबलं, माहेरची माणसं कोण कोण म्हणून विचारत राहिली. अक्का भावांची नावं सांगेपर्यंत चुडा मनगटावर. रक्ताचा थेंब नाही. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, “धाकट्या बाईचे हात लोण्यावानी. इथं माझी कारागिरी वाया गेली.”

अक्कानं मग तिला सेनगावच्या नणंदेकडे धाडलं. नणंदेनं आपल्या जावांकडे, त्यातल्या एकीनं कनेरगावला आपल्या माहेरी. नवं घर मिळालं की चंद्राबाई मुद्दाम वाट वाकडी करून यायची आणि अक्काच्या हातात एक बांगडी जास्तीची घालायची. पैसा घ्यायची नाही. “ही त्या घराची,” एवढंच म्हणायची. अक्काचे हात कोपराकडे हिरवे होत चालले तेव्हा सासूबाई टोमणा मारायच्या, की कासारणीनं आमच्या सुनेच्या हाताला सगळा मुलूख बांधला की काय. मी एकदा चंद्राबाईला म्हटलं, बाकीच्या कासारणी गल्लीतून हाळी देत जातात, तुम्ही काहून देत नाही? म्हणाली, “काच मुकी हाय, बाई. जिच्या हातात हाय ती बोलंल तवाच ती विकते.”

आमचे मोठे दीर तापानं गेले. पाच-सहा दिवसांचा ताप, वैद्य येईपर्यंत माणूस गेला. बायांनी अक्काला अंगणात बसवलं आणि दगडावर हात ठेवून सगळ्या बांगड्या फोडल्या. त्या घराची, ह्या घराची, एकही उरली नाही. अक्का माजघरात गेली ती पुढच्या दारी यायची बंद झाली. ती काही कोवळी नव्हती, पण म्हातारी तरी कुठं होती? तिशीची तर होती.

चंद्राबाई आली तेव्हा ओसरीवर नुसती बसली. गाठोडं सोडलंच नाही. त्या दिवसापासून मला धास्ती लागली, की ही आता दारोदार काय सांगणार? विधवेचं नाव घेऊन सवाष्णीला बांगड्या भरायच्या, हे कुणाला चालणार होतं? मी तिला सांगून पाहिलं की आता नणंदेचं नाव घ्या. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सेनगावला नणंदेच्या घरी तिच्या पुतणीचं लग्न निघालं. नवरीचा चुडा भरायला चंद्राबाईलाच सांगावा होता. मी तिथंच होते. हळदीच्या पाटावर पोरगी हात पुढे करून बसलेली, आणि चंद्राबाईनं उंबऱ्याबाहेर उभं राहून तेच म्हटलं, “गोदाबाईनं धाडलंय मला.” पोरीच्या आत्यानं पोरीचा हात धरून मागे ओढला. कुणी रागावलं नाही, भांडलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “चांगल्या दिवशी हिला काहून बोलावलं?” हिंगोलीचा कासार आणवला. चंद्राबाई गाडीवाटेनं निघून गेली. नणंद खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

मग काय, घरं जशी एकीनं दुसरीला सांगून आली होती तशीच एकीनं दुसरीला सांगून गेली. कनेरगाव गेलं, मग जवळची खेडीही गेली. चंद्राबाईच्या नवऱ्याचं औषध बंद झालं, नंतर रोजची भाकरीही अर्धी झाली. मी म्हटलं, माझं नाव घ्या, मी सवाष्ण आहे. माझ्या समाधानासाठी तिनं दोन दारी घेतलंही. कोणाची कोण, असं विचारल्यावर गोदाबाईची जाऊ म्हणून कळलं, आणि ती दारंही मिटली.

एका दुपारी अक्कानं तिला मागच्या दारानं माजघरात बोलावलं. मी भिंतीशी शेंगा फोडत होते. अक्का म्हणाली, “चंद्रे, माझं नाव सोड आता. खोटं सांग कुणाचं बी. देव काही म्हणणार न्हाई.”

चंद्राबाई म्हणाली, “मी वेशीपाशी बसले व्हते तवा दुसरी कुणी आली न्हाई, अक्का. हात तं लोकायनं रिकामे केले तुमचे. नाव बी मीच पुसू काय?”

“नवरा मरंल तुझा.”

“त्यालाच विचारून आले. तो म्हनला, तुला पटंल तसं कर.”

अक्का तिच्यावर खूप चिडली. हट्टी म्हणाली, मूर्ख म्हणाली, पुन्हा माझ्या दारात येऊ नको म्हणाली. चंद्राबाई ऐकून घेत राहिली. जाताना तिनं अक्काचा मोकळा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं आणि हळूच परत मांडीवर ठेवला. विधवेचा हात तेव्हा कुणी असा धरत नसे.

ती नवऱ्याला घेऊन हिंगोलीला गेली, सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायला. नवरा त्याच हिवाळ्यात गेला. तिलाही कापसाची धूळ बाधली. रझाकारांच्या धामधुमीत वाटा बंद होत्या, कुणाची खबर कुणाला नव्हती. राज्य बदललं, वाटा खुल्या झाल्या, तेव्हा बाजारातून आलेल्या गाडीवानानं सांगितलं की ती कासारीण वारल्याला वर्ष होत आलं.

मी आत जाऊन अक्काला सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, दुरडीत ठेवली.

“माझं नाव सोडलं असतं तं जगली असती,” ती म्हणाली.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरंच होतं.