रिबकाबायची ओटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. रोह्यात माझ्या क्लासच्या वाटेवर नवीन इमारतीचा फलक लागलाय — 'रेडी पझेशन'. रोज जाता-येता तो दिसतो आणि रोज मला कासूतली एक ओटी आठवते. म्हणून आता लिहूनच टाकते.

नव्वदच्या दशकात आम्ही कासूला राहायचो. सकाळच्या गाडीने मी पेणला टायपिंग शिकायला जायचे आणि संध्याकाळी शेजारच्या रिबकाबायच्या ओटीवर गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. रिबकाबाय तिथे नव्हती. गावातल्या ज्यू घरांपैकी शेवटचं तिचं. तीही मुलाबरोबर इस्राएलला गेली होती. घर होतं अनसूमावशीच्या हवाली.

अनसूमावशी मिठागरावर काम करणारी विधवा. खाडीकाठचं तिचं खोपट उधाणात वाहून गेलं, तेव्हा रिबकाबायने तिला मागची खोली दिली. त्याची जाण मावशीने शेवटपर्यंत ठेवली. रिबकाबाय सांगून गेली होती म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला ती न चुकता दिवा लावायची. दाराच्या चौकटीवर बोटभर पितळी डबी होती, आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद. ती पदराने पुसायची. घर कुणाचं गो, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "रिबकाबायचं. माझ्याकडं हाय."

बरे दिवस होते ते. ओटीवर बारा मुलं, एक फळा, मागे माडांची सळसळ. मावशी वालाच्या शेंगा सोलत ऐकत बसायची. मी मुलांकडून घोकून घ्यायचे — माय बुक, युवर बुक, धिस बिलाँग्ज टू मी. ती हसायची. "तुझ्या इंग्रजीत सारखं माझं-माझंच गो, मास्तरीण! दुसऱ्याचं काय नसतं काय त्यात?"

मग पत्र आलं. रिबकाबायच्या मुलाचं, इंग्रजीत. रिबकाबायची नजर गेली होती, त्याला मराठी लिहिता येत नव्हतं. चारच ओळी. आईची इच्छा आहे, अनसूयाने या घराची ओनर व्हावं. तिची संमती कळवा, कागद आम्ही करून देतो. तिला नको असेल तर घर विकावं लागेल, कारण आम्ही आता परत येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. समजायला एकदा पुरलं असतं.

मावशी जवळ्यासारखा बारीक कोलीम निवडत होती. "वाच ना गो. बाय बरी हाय ना?"

बरी आहे, म्हटलं. विचारतायत, तू ओनर होणार का केअरटेकर राहणार?

"म्हंजे काय ते?"

काय सांगितलं मी? ओनर म्हणजे घरपट्टी तुझ्या नावावर. तलाठ्याकडे खेपा, पेणच्या कचेरीत अंगठे. उद्या त्यांच्या भावकीतल्या कुणी दावा लावला तर कोर्टात उभं राहायचं ते तू. केअरटेकर म्हणजे आत्ता आहे तसंच. — यात खोटं एकही नव्हतं, हे बघा. फक्त शेवटची ओळ मी वाचली नाही.

ती कोलीम निवडत राहिली. कशाचा विचार करते आहे ते मला ठाऊक होतं. वडखळला तिची बहीण होती, तीही एकटी पडलेली, पदरात दोन मुली. आठवडाभरापूर्वीच मावशी म्हणाली होती, "घर माझं असतं तर आणली असती गो तिला. दुसऱ्याच्या घरात कशी आणू?"

बहीण आली असती तर ओटी त्यांनाच लागली असती. माझा क्लास उठला असता. घर विकायला वर्षं लागतील, तोवर ओटी माझीच, असं मी धरून चालले. कारण हेच, एवढंच. याहून मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

"नको गो माय," ती शेवटी म्हणाली. "कोर्टाचं आपल्याला झेपायचं नाय. अनसू राखते म्हणून लिही."

मी लिहिलं. पेणच्या क्लासात टाईप केलं, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. तिला घराची मालकी नको आहे. खाली तिचा अंगठा घेतला.

वर्षभरात घर विकलं गेलं. पेणचा एक माणूस होता, त्याला गणपतीच्या कारखान्यासाठी जागा हवी होती. मावशीने कुणाला दोष दिला नाही. "राखणच होती, संपली," म्हणाली. जायच्या दिवशी तिने सगळं घर धुऊन काढलं, किल्ली ठेवली, चौकटीवरची डबी सोडवली आणि माझ्या हातात दिली. "ही त्यांची हाय. परक्याच्या हाती नको. तुला पत्ता घालता येतो, धाड हां आठवणीनं."

आणि ती वडखळला गेली, बहिणीच्या एका खोलीत. पुढे पेणच्या बाजारात कधी भेटली की बहिणीला कौतुकाने सांगायची, "हीच गो ती! माझं पत्र हिनंच वाचलं हुतं."

डबी मी धाडली नाही. बरोबर चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या, आणि रिबकाबायने विचारलं असतं — अनसूने घर का नाकारलं? पत्ता होता. पोस्ट क्लासच्या रस्त्यावरच होतं.

मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून इंग्रजीच शिकवते. ओन, हॅव, बिलाँग यांचा धडा दरवर्षी येतो, मुलं वाक्यं करून आणतात, मी तपासते.

डबी कपाटात आहे, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी. पितळ काळं पडलंय. आतला कागद मी कधी उघडून पाहिला नाही. रिबकाबायची आहे ती. माझ्याकडे आहे.