मयुराचं समुद्री शेवाळ

मौद्याच्या रुख्मिणीबाईंची पोरगी मयुरा नागपुरात समुद्री शेवाळावर संशोधन करते, हे ऐकून गावातली माणसं हसायची. "नागपुरात समुद्र कुठी हाय वं?"

समुद्र मयुरानंही पाहिला नव्हता. शेवाळ रत्नागिरीहून वाळवून यायचं. ऊन मात्र तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. धानाच्या बांधीत जन्म काढलेल्या मायचे हात करपून काळवंडले होते, त्यांवर चट्टे उठले होते. भर उन्हात, उथळ पाण्यात वाढणारं शेवाळ स्वतःला कसं वाचवतं, आणि तो गुण माणसाच्या कातडीच्या कामी येईल का, हे मयुराला शोधायचं होतं.

तिनं त्वचेच्या पेशी शेवाळाच्या अर्कात ठेवून त्यांच्यावर अतिनील किरण सोडले. नुसत्या पेशी मेल्या. अर्कातल्या जवळजवळ सगळ्या जगल्या. तिच्या मार्गदर्शक कामिनी मॅडमनी पेढे वाटले. हैदराबादच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं.

मयुरा मात्र अर्काच्या तपकिरी रंगाकडे बघत राहिली. "मॅडम, हा रंगच वरच्यावर किरणं अडवत असेल तर? खिडकीले पडदा लावल्यासारखं. मग पेशींना आतून काय मिळालं?"

"परिषद तोंडावर आलीय. पुन्हा करायचं तर नाव मागे घ्यावं लागेल."

"घेऊ, मॅडम."

तिनं सगळं नव्यानं मांडलं. पेशींना अर्क दिला, तो पुरता धुऊन काढला आणि मगच किरण सोडले. आता निम्म्याच्या आसपास पेशी मेल्या. मयुराचं तोंड उतरलं. पण नुसत्या पेशींशी ताडून पाहिलं, तर कितीतरी जास्त तगल्या होत्या. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. फायदा पहिल्याहून लहान होता, पण अस्सल होता.

पुढच्या वर्षी परिषद नागपुरातच भरली. माय नवं लुगडं नेसून आली. मयुरानं आधी स्वतःची पहिली चूक सांगितली, मग खरा निकाल. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

बाहेर आल्यावर मायनं विचारलं, "चुकलं म्हणे ना तुहं? मंग टाळ्या काहून?"

"मीच पकडली ना चूक, माय."

"अन् हे मले लावाले कधी भेटन?"

"अजून लय वर्षं लागन. तोवर डोक्याले, हाताले कपडा बांधून जात जा वावरात."

"जाईन," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि चहा घेत उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंकडे वळून ताठ मानेनं सांगू लागल्या, "ते शेवाळवाली बोलली ना आता, ते माही पोरगी हाय."