आतल्या बाजूचा निळा ठिपका

अन्याय झाला तो उत्तममामावर. गेल्या वर्षी, आषाढ पौर्णिमेच्या आदल्या शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास, दुचाकीच्या एका शोरूममध्ये, सर्व्हिस काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या देखत. पत्रकाची पहिली ओळ अशीच लिहायची असते: कोणावर, कधी, कुठे. मग मागणी. कामगार संघटनेत मला हेच शिकवलं आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या गेटांवर मी हेच लिहून वाटत आले. पण उत्तममामावर लिहायला बसले की दुसरी ओळ रागाची येतच नाही. कारण ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या संध्याकाळी खुशीत होता. इतका, की मामीने विचारलं, "शोरूमवाल्यांनी जेवायला घातलं का काय?"

मामा जाऊन आता दीड महिना होत आला. बातमी आली तेव्हा मी चाकणला एका कंपनीच्या गेटबाहेर होते, पहिली शिफ्ट सुटत होती. मामीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का. त्या दिवशीही तिने आधी तेच विचारलं, मी हो म्हटलं, आणि मगच ती म्हणाली, "तुझा मामा गेला गं. जेवून आडवा झाला तो उठलाच नाय."  मग म्हणाली, "बोंबलाची चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली होती..." माझ्या हातातली उरलेली पत्रकं एका कामगाराने आपणहून काढून घेतली. जा ताई, मी वाटतो, म्हणाला. रिक्षात बसले तरी माझ्या डोक्यात ती चटणीच होती. माणूस दुसऱ्यांदा चटणी मागून घेऊन गेला, याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आजोबा जालन्याकडून पिंपरीत कंपनीत आले, मामा इथलाच झाला. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग रंगवून देणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत तो कंत्राटावर लागला. काम तपासणीचं. ट्यूबलाइटच्या रांगेखाली पॅनल तिरकं धरायचं आणि त्यावरून सरकणारी उजेडाची रेघ कुठे अडखळते ते बघायचं. अडखळली की पॅनल बाजूला, आणि बाजूला काढलेला सगळा माल दळायच्या मशीनमध्ये. घरी आला की हेच सांगायचा, की आज एवढ्याशा ओरखड्यासाठी धडधाकट मडगार्ड दळलं. माझी आई म्हणायची, तुझ्या बापाचं होतं का ते? थोड्या वेळाने मामा तिच्याच घरातला स्टीलचा डबा ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघत असायचा. आईला त्याचा भयंकर राग यायचा. पुढे त्या कंपनीने एका सकाळी कंत्राटावरची सगळी माणसं गेटवरून परत पाठवली. त्यावर मी वेगळं लिहिलंय, इथे नको. मामा मात्र घरी येऊन म्हणाला की आता दळणार नाय, जोडणार. आणि भोसरीत, लेथच्या एका वर्कशॉपला लागून, एका शटरचा गाळा घेतला.

त्या गाळ्यात तो काय करायचा ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की तो गाड्या रंगवायचा. रंग शेवटी. आधी गिऱ्हाइकाला म्हणायचा, नख फिरव. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. नख सरळ निघून गेलं तर जखम वरच्या वरच, नुसत्या पॉलिशने जाणार, तू चहा पिऊन ये. नख अडकलं तर गाडी ठेव. नवी गाडी घासली म्हणून तोंड पाडून आलेली माणसं नख सरळ गेलं की हिरमुसायची, एवढं दुःख केलं ते फुकट गेलं म्हणून. तडा असेल तर मामा पॅनल खोलून पालथं करायचा. आतल्या बाजूला कुठल्या जातीचं प्लॅस्टिक आहे ती अक्षरं छापलेली असतात, ती वाचायचा, आणि मग माळ्यावरच्या भंगारातून त्याच जातीचा तुकडा शोधायचा. रंगवलेली पॅनलं बहुतेक ज्या प्लॅस्टिकची असतात ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच्या चुऱ्याचा काचेच्या बरणीत खिरीसारखा लगदा करायचा आणि तो तड्यात भरायचा. चिवट प्लॅस्टिक विरघळत नाही, ते गरम करून वितळवूनच सांधावं लागतं. सांध्याला आतून बारीक तारेची जाळी, बाहेरून पुट्टी, पाणी मारून घासणं, प्रायमर आणि मग रंग. रंग मामी कालवायची. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गाळ्याच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं. उन्हात दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा लाल आणि डब्यातला लाल यांतला फरक मामाला दिसायचा, पण तो भरून काढणं मामीलाच जमायचं.

आमची भांडणं व्हायची. मी कॉलेजात असताना नदीसाठी पत्रक काढलं, प्लॅस्टिकमुक्त शहर वगैरे. मामाने ते गाळ्यात उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "पोरी, पिशवीला आन् मडगार्डला एकच शिवी दिलीस." मी म्हटलं की नदीत दोन्ही सापडतात. "माझं सापडलं का?" त्याने विचारलं. खरंच, त्याचं नव्हतं. पण मीही ऐकणारी नव्हते. मी त्याच्याकडच्या धुळीवर घसरले. तो दिवसभर नाक उघडं ठेवून प्लॅस्टिक घासायचा आणि वर म्हणायचा की पाणी मारल्यावर कुठली आलीय धूळ. मी मोठ्या अक्षरांत पोस्टर लिहून भिंतीला डकवलं: मास्क नाही तर काम नाही. मामाने मास्क आणला आणि हनुवटीला लावला. शेवटी मामीने संप केला. हनुवटीवर मास्क दिसला की ती रंग कालवायची नाही, हात पुसून स्टुलावर बसून राहायची. एक संपूर्ण दिवस एक काळं मडगार्ड तसंच लोंबकळत राहिलं. दुसऱ्या दिवशी मास्क नाकावर. माझ्या आजवरच्या पत्रकांत एवढ्या लवकर मागणी मान्य झालेलं ते एकच, आणि तेही मामीमुळे.

आता निळ्या ठिपक्याचं. मामाचं काम झालं की पॅनल बसवायच्या आधी तो आतल्या बाजूला, सांधा जिथे असेल तिथे, निळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचा. विहाराचं रेलिंग रंगवून उरलेला डबा होता, तो संपला तेव्हा त्याच निळ्याचा दुसरा आणला. बाहेरून बघणाऱ्याला सांधा कुठे आहे ते शपथेवरही सांगता आलं नसतं. आतून मात्र लगेच कळायचं. एकदा मोशीचा एक जण आला, त्याला गाडी विकायची होती. काका, ठिपका देऊ नका, म्हणाला. मामाने ब्रश खाली ठेवला आणि त्याला समजावलं की उद्या दुसरा कोणी मेकॅनिक हे खोलेल, नेमका तिथेच स्क्रू आवळेल नाहीतर हीट गन धरेल, त्याला कळायला नको? तो म्हणाला, घेणाऱ्याला कळेल ना. "कळू दे की. चोरी केलीय का आपण?" मामा म्हणाला. त्या माणसाने खूप आर्जवं केली, शेवटी वैतागून ठिपक्यासकट गाडी घेऊन गेला. मी तिथेच होते. मी मामाला म्हटलं की तू स्वतःच्या हाताने पुरावा सोडतोस, एक दिवस हाच ठिपका तुझ्यावर उलटेल.

आणि तसंच झालं. सुवर्णाताई म्हणून सांगवीच्या एक नर्स आहेत, मामाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या स्कूटरला पुलाजवळ रिक्षा घासली होती आणि पुढचं पॅनल मधोमध तडकलं होतं. मामाने ते जोडलं. वर्षभराने त्यांनी गाडी शोरूमला सर्व्हिसिंगला दिली, तिथे पॅनल उघडलं, आत निळा ठिपका. काउंटरवरच्या पोराने सांगितलं की मॅडम, हा डुप्लिकेट माल आहे, आम्ही नवीन बसवलंय. सुवर्णाताईंनी मामाला फोन केला. मामा होता तसा गेला, बनियनवर शर्ट अडकवून, हाताला प्रायमर. त्याने सांगायचा प्रयत्न केला की कंपनीचंच ओरिजिनल पॅनल आहे, फक्त सांधलंय, आतली छापील अक्षरं वाच. पोरगा म्हणाला, "काका, डुप्लिकेटच आहे." आणि पॅनल खाली ठेवून त्यावर बूट दिला. कडाकड आवाज झाला. बदललेला भाग परत बाजारात जाऊ नये म्हणून तोडायचाच, अशी तिथली पद्धत. लोक बघत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने मामा खाली वाकला आणि तुकडे गोळा करायला लागला, तर शोरूमवाले म्हणाले, हात लावू नका, स्क्रॅप आमच्याकडे जमा होतो. तेव्हा सुवर्णाताई पुढे झाल्या. "पॅनल माझं आहे. माझ्या गाडीचं आहे. पिशवी द्या." त्या वॉर्डात बोलतात तशा बोलल्या असणार. पिशवी मिळाली.

मला हे कळलं तशी मी बसमध्येच पत्रक लिहायला घेतलं. शोरूमचं नाव, पोराचं नाव, जाहीर माफीची मागणी, नाहीतर दारात ठिय्या. गाळ्यात शिरले तर मामा वर्तमानपत्रावर तुकडे मांडून फतकल मारून बसलेला, मास्क चक्क नाकावर, आणि डोळे हसत होते. मी माझा मसुदा वाचायला लागले. तो म्हणाला, "थांब. आधी हे बघ." पॅनलचे तुकडे झाले होते, कडा, कोपरे, खाचा, सगळं फुटलं होतं. पण जिथे निळा ठिपका होता तो मधला भाग अख्खा होता. तडा सांध्यापर्यंत आला होता आणि तिथून वळून दुसरीकडे गेला होता. "सांधा नाय तुटला," मामा म्हणाला. "बूट दिला राव त्यानं, तरी नाय तुटला..." त्याने तो तुकडा मामीला दाखवला, लेथवाल्याला बोलावून दाखवला, त्याच्या गिऱ्हाइकालाही दाखवला. इतक्या वर्षांत त्याच्या कामाची अशी परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. चालत्या गाडीवर बसवलेल्या सांध्यावर मुद्दाम बूट कोण देणार?

माझा राग मात्र गेला नव्हता, तो अजूनही गेलेला नाही. इतक्या लोकांसमोर एखाद्याच्या कामाला खोटं म्हणायचं आणि ते पायाखाली तुडवायचं, याची माफी मागायलाच हवी होती. मामाने पत्रक वाचलं आणि पोराच्या नावावर बोट ठेवलं. हे काढ, म्हणाला. मी विचारलं का. "त्याला वरून सांगितलंय तोडायला. मी कंपनीत काय करत होतो? दळतच होतो की." मग शोरूमचं नावही काढ म्हणाला, कारण एकाला धरलं की बाकीचे सुटतात, ही पद्धत सगळीकडेच आहे. मी चिडून विचारलं, मग उरलं काय पत्रकात? तो म्हणाला, सुवर्णाताई जे बोलली ते ठेव. आम्ही तासभर भांडलो. माफीची ओळ मी काढली नाही, ती तशीच छापली. पण वरची मोठी मागणी बदलून तिथे सुवर्णाताईंचं वाक्य टाकलं. ते पत्रक आम्ही भोसरीच्या चौकात वाटलं. मामाही वाटत होता, आणि प्रत्येक पत्रकाबरोबर गाडीवरच्या माणसाला विचारत होता, "ओरखडा दिसतोय राव, नख फिरवलं का?" माफी काही आली नाही. मामाने तिची वाट पाहिली असं मला कधी दिसलं नाही. सुवर्णाताई मात्र मामाच्या जलदान विधीला आल्या, आणि विहाराबाहेर त्यांनी मला स्कूटर दाखवली. नवं पॅनल पुन्हा घासलंय, म्हणाल्या, आता मामी कधी गाळा उघडते ते सांग.

मामीने गाळा उघडलाय. पाटीवर आता तिचंही नाव आहे, ते मी रंगवलंय आणि अक्षरं वाकडी आलीत म्हणून ती रोज ऐकवते. तडा सांधायला लेथवाला मदत करतो, रंग तिचाच. आणि समोरच्या भिंतीवर, माझ्या मास्कच्या पोस्टरशेजारी, ते पॅनल टांगलंय. शोरूमच्या त्या शनिवारनंतर आठवड्याभरात मामाने ते सगळं जोडलं होतं, पण बाहेरून रंगवलं नाही, आणि भिंतीवर टांगताना पालथं टांगलं, आतली बाजू पुढे. त्यावर निळेच निळे ठिपके आहेत. मधला एक जुना, जरा फिका. पॅनलच्या खाचेत मामाचा मास्क अडकवलेला आहे. मामीने तो काढलेला नाही, मीही काढत नाही. सकाळी शटर वर गेलं की आधी उजेड त्या ठिपक्यांवर पडतो, आणि मामी त्याच्याकडे न बघताच स्वतःचा मास्क नाकावर चढवते.

आता मागणी. ती शोरूमकडे नाही, वाचताय त्या तुमच्याकडे आहे. तुमच्या गाडीचं काही बदललं, पॅनल असो, मडगार्ड असो, आरसा असो, की काउंटरसमोर उभं राहा आणि सांगा: जुना भाग माझा आहे, तो न तोडता माझ्या हातात द्या. नाही म्हणाले तरी हलू नका. पिशवी घरून घेऊन जा. आणि हातात आला की तो पालथा करून बघा. आत निळा ठिपका असेल, तर तो जपून ठेवा.